नऊ पिल्लं, एक सही

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. एकतीस वर्षं आरोग्य सेविकेची नोकरी केली, तेव्हा रोजचं रोज रजिस्टर लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यावर ती गेली. हल्ली वार कुठला, तारीख कुठली हे लक्षात राहत नाही, म्हणून.

तांबडी कोंबडी तीन दिवस खुराड्यातून उठलेली नाही. हात पुढे केला की पिसं फुगवते. शेजारचे भिवाभावजी बघून गेले. म्हणाले, "वयनी, ही रवणीला आली. खाली अंडी ठेवा. नायतर नुसतीच बसून वाळंल." ही कोंबडी अमरदीपने मे महिन्यात बाजारातून आणली. तेव्हा तलंग होती, अंडंसुद्धा घालत नव्हती. तो म्हणाला होता, दिवाळीपर्यंत बघ आई, अंगण भरेल.

टोपलीत पेंढा घालून अकरा अंडी ठेवली. भावजींनी त्यात एक कोळसा आणि एक खिळा ठेवला. ढग गडगडले तर अंडी नासतात म्हणतात. डिसेंबरात कुठलं गडगडणार? पण मी काढलं नाही. एकवीस दिवसांनी, म्हणजे २३ तारखेला पिल्लं निघायला हवीत.

अमरदीपला जाऊन आज एकशे आठ दिवस झाले.

५ डिसेंबर, गुरुवार

उद्या सहा डिसेंबर. वाडीतली माणसं आजच्या गाडीने दादरला गेली. अमरदीप दरवर्षी जायचा.

संध्याकाळी सुनेने, स्वप्नाने, एक कागद आणून दिला. अमरदीप सरकारी ऑफिसात लिपिक होता. त्याच्या मागे त्याच्या बायकोला अनुकंपावर नोकरी मिळू शकते, पण घरातल्या बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लेखी लागतं. नात सानवी पाच वर्षांची. म्हणजे सही माझीच. ऑफिसात जाऊन समक्ष करायची.

दोन पानं होती, टाचलेली. "आई, सवडीने वाचा," म्हणाली. पहिलं पान मी उभ्याउभ्याच वाचलं. रत्नागिरीत जागा रिकामी नाही. मंडणगडला आहे. स्वप्नाचं माहेर तिथून दोन मैलांवर.

कागद घडी करून या रजिस्टरात ठेवला.

९ डिसेंबर, सोमवार

कातरवेळी माजघरातला दिवा बंद करून एकेक अंडं बॅटरीवर धरून पाहिलं. दोन निकामी निघाली. नऊ अंड्यांत तांबड्या शिरा दिसल्या, मधे काळा ठिपका. पूर्वी बायकांच्या पोटाला नळी लावून ठोके ऐकायचे तसं वाटलं. कोंबडी सारखी माझ्या हाताला चोची मारत होती. तिची ही पहिलीच खेप आहे. तिला जमेल का याची मला खात्री नाही.

बॅटरी स्वप्नाने धरली होती. मधेच म्हणाली, "आई, तुम्हाला गाडीत घाट लागतो का हो?"

"लागतो."

"गोळी घेतली तर?"

"मी कुठे जाते ग आता घाटाने?"

तिने बॅटरी पुढच्या अंड्याकडे वळवली. सानवीला घाट लागेल की काय याची तिला काळजी असावी. सगळं ठरवलेलं दिसतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

कोंबडी दिवसातून एकदाच उठते. चार दाणे टिपते, पाणी पिते, परत जाऊन बसते. आज जरा जास्त वेळ बाहेर राहिली. मी घड्याळ लावलं होतं. सतरा मिनिटं. अंडी गार पडली असतील या भीतीने टोपलीवर माझी शाल टाकली. कोंबडी परत आली तर शाल बघून आत जाईना. शेवटी भावजींनी शाल काढली आणि म्हणाले, "वयनी, तिला तिचं काम ठाव हाय."

स्वप्ना पडवीत फोनवर बोलत होती. "नाही रे दादा, एका खोलीत कसं होईल? दोन खोल्या तरी हव्यात. आणि वर नको, तळमजला बघ." भावाशी बोलत होती. ती आणि सानवी, दोघींना दोन खोल्या कशाला? आणि तळमजलाच का? विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नाही असं वाटतं.

का वाटतं ते लिहून ठेवते. इथे कोणी वाचत नाही. दरवर्षी पावसात चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळ्या मीच वाटायचे. घरोघर सांगायचे, पायाला जखम असेल तर शेतात जाऊ नका, ताप आला तर अंगावर काढू नका. अमरदीप टाचेला चीर पडलेली असताना भावजींच्या शेतात उतरला. ताप आला. मी त्याला दोन दिवस साध्या तापाच्या गोळीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा दवाखान्यात नेला. नवव्या दिवशी गेला.

स्वप्ना मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

काल दुपारपासून टोपलीतून टिकटिक ऐकू येत होती. सकाळी सहा पिल्लं बाहेर. अकरापर्यंत आणखी दोन. शेवटचं संध्याकाळी निघालं, अशक्त, एका बाजूला कलणारं. नऊच्या नऊ! सानवी इतकी ओरडली की भावजींची बायको धावत आली.

कोंबडी आता वेगळाच आवाज काढते. हळू, घशातल्या घशात. पिल्लं तो ऐकून पोटाखाली शिरतात. तिला हे कोणी शिकवलं?

३० डिसेंबर, सोमवार

पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडी रोगाची लस आणली. बर्फात घालून, रिक्षाने. प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. स्वप्नाने पिल्लं धरली, सानवीने नावं पुकारली. भावजी अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून बघत होते.

"नर्सबाई, पोलिओ पण पाजा. आणि बोटाला शाई लावा, नायतर एकच पिल्लू दोनदा येईल."

"तुमच्या कोंबड्या मेल्या ना मागच्या वर्षी? मग गप्प बसा."

स्वप्ना हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचे दात दिसले. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

एक गेलं. शेवटी निघालेलं, अशक्त. कावळ्याने उचललं. मी पाच मिनिटांसाठी आत गेले होते, दूध उतू जात होतं म्हणून. पाचच मिनिटं.

दुपारी मोठं डालगं आणून कोंबडी आणि पिल्लं त्याखाली झाकली. वर चिरा ठेवला. कणी आणि पाणी आत. आता काय येतं ते बघू.

स्वप्नाने विचारलं, "आई, कागद?"

"पिल्लं जरा मोठी होऊ देत. मग रत्नागिरीला जाऊ."

"बरं," म्हणाली. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल.

९ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस डालग्याखाली ठेवली. कोंबडी आत सारखी गरागरा फिरत होती. मला वाटलं, सवय होईल. सकाळी डालगं उचललं तर एक पिल्लू खाली चेंगरलेलं. तिच्याच पायाखाली आलं असणार. बाकीची ओल्या कोंड्यात उभी, पंख लोंबलेले.

भावजी पहिल्यांदाच चिडून बोलले. "तुमी काय त्यांना दवाखान्यात भरती केलीव काय? पिल्लाला माती पायजे, ऊन पायजे, वाळवी पायजे. आईनं उकरल्याशिवाय त्यांना खायाचं कळंल कसं?"

"आणि घार आली तर?"

"घार येनारच. ती काय तुमाला विचारून येनार?"

सोडायची हिंमत होईना. मग मधला मार्ग काढला. कोंबडीच्या पायाला आधी बँडेज गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि दुसरं टोक अंगणातल्या खुंटीला. सुतळी चार हात. आई लांब जाणार नाही म्हणजे पिल्लंही जवळ राहतील. पूर्वी गावात सगळे असंच करायचे.

स्वप्ना कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "ती कुठे जाणार आहे आई? तिची पिल्लं इथेच आहेत."

मी म्हटलं, "तुला माहीत नाही."

१५ जानेवारी, बुधवार

घार आली. सकाळचे सव्वादहा. मी पडवीतच बसले होते, चार पावलांवर, काठी हाताशी घेऊन. तरी.

आधी कोंबडीने तो आवाज काढला. पाच पिल्लं धावत तिच्याखाली शिरली. दोन गडग्याजवळ होती, ती तिथेच दबून बसली. घार खाली आली तशी कोंबडी पोटाखालची पाच सोडून त्या दोघांकडे झेपावली. पंख पसरून, मान पुढे काढून. मी इतका जीव खाऊन उडालेली कोंबडी पाहिली नव्हती. सुतळी संपली आणि ती हवेतून उलटी मातीत आपटली. घारीने हातभरावरून एक उचललं.

ती एका पायाने लंगडते आहे. बँडेज असूनसुद्धा सुतळी रुतली.

मी विळीवर सुतळी कापली. घाईत विळी माझ्याच बोटाला लागली. स्वप्नाने हळद दाबली. म्हणाली, "आई, तुम्ही तिथेच होतात. तुमची काही चूक नाही."

हेच वाक्य ती ऑगस्टमध्येही म्हणाली होती. तेव्हाही माझा विश्वास बसला नव्हता.

सहा उरली.

१८ जानेवारी, शनिवार

मोकळी सोडली आहेत. लंगडत लंगडत कोंबडी त्यांना पार काजूंच्या खाली घेऊन गेली, पालापाचोळा उकरत. मी मागे मागे फिरले तर ती मलाच फुत्कारली. घरी येऊन बसले. भात करपला.

घार आज पुन्हा आली होती. कोंबडी एका उडीत तिच्या अंगावर गेली. पिसं उडाली, कोणाची कळलं नाही. घार गेली. सहाही पिल्लं आहेत. मी तीनदा मोजली.

हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. त्या दिवशी सुतळी नसती तर, एवढंच डोक्यात राहिलं.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसातल्या भाऊसाहेबांचा स्वप्नाला फोन आला. महिनाअखेरीच्या आत कागद द्या. ३१ तारखेला यादी वर जाते, मग पुढच्या वेळी नाव कधी लागेल सांगता येत नाही.

तिने जेवताना विचारलं. सानवीला वाढता वाढता, माझ्याकडे न बघता. "आई, तो कागद तुम्ही वाचलात ना?"

"वाचला."

"पूर्ण?"

"वाचला म्हटलं ना."

तिने सानवीला भात कालवून दिला. मग म्हणाली, "मग तुमचं मन नसेल तर मी आग्रह करणार नाही. इथलं सगळं सोडून जायचं म्हणजे सोपं नाही. मला कळतं."

हे ती स्वतःबद्दलच म्हणत असावी. मग जाते कशाला? सानवी रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून जेवते. मी सही केली की ती मांडी रिकामी. हे मी कुणाला सांगू? सही केली नाही तर पोरीची नोकरी जाते. तिचं वय एकोणतीस. हेही मला कळतं. कळूनही हात पुढे जात नाही.

भाजीत मीठ नव्हतं. तशीच खाल्ली.

२७ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी स्वप्ना चुलीजवळ बसून राहिली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. म्हणाली, "थोडी कणकण आहे आई. एक गोळी द्या, उतरेल."

गोळ्यांचा डबा फळीवर असतो. माझा हात डब्यापर्यंत गेला आणि मागे आला. पुन्हा गेला, पुन्हा मागे आला. मी चप्पल घातली, सानवीला भावजींकडे दिली आणि रिक्षा बोलावली. स्वप्ना सांगत होती, "अहो आई, साधा ताप आहे, कशाला एवढं?" मी ऐकलं नाही. वाटेत दर वळणावर तिचे डोळे बघत होते, पिवळे झालेत का.

दवाखान्यात रक्त घेतलं. तीन तासांनी रिपोर्ट म्हणाले. बाकावर बसलो. तिथे औषधाचा तोच वास. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन दिवस मी त्याला गोळीवर ठेवला."

ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला म्हणालात, चल, रक्त दाखवू. तो म्हणाला, ऑफिसात तपासणी आहे, उद्या जाऊ. तुम्ही दोनदा म्हणालात. मग मीच म्हटलं, जाऊ दे आई, उद्या नेऊ. मी म्हटलं. तुम्हाला आठवत नाही का?"

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

"मला वाटायचं, तुम्ही त्यासाठीच माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "त्यासाठीच सही करत नाही."

तिचा हात गरम होता, तो धरून ठेवला. रिपोर्ट आला. साधा ताप. लेप्टो नाही, डेंग्यू नाही. मी डॉक्टरांना दोनदा वाचायला लावला. डॉक्टर तरुण होते, हसले.

घरी आल्यापासून विचार करते आहे. ती खरं बोलत असेल, की मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल? तीही गेले पाच महिने रोज हाच हिशोब करत होती का, आणि मला कळलं नाही? दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायचं हेच तर माझं काम होतं.

ताप उतरल्यावर तिला सांगितलं, गुरुवारी ऑफिसात जाऊ.

३० जानेवारी, गुरुवार

सानवीला आणि पिल्लांना भावजींवर सोपवून सकाळच्या गाडीने गेलो. सोबत नेलेला कागद भाऊसाहेबांनी माझ्यापुढे ठेवला. "मावशी, वाचून दाखवू?"

मला राग आला. एकतीस वर्षं सरकारी कागद भरले मी. चष्मा लावला आणि उलटून दुसरं पान वाचलं. पहिल्यांदा.

स्वप्नाच्या अक्षरात लिहिलेलं होतं. सोबत राहणाऱ्या व्यक्ती: एक, सानवी, मुलगी. दोन, सुंदरा, आई. खाली: नियुक्ती मंडणगड येथे झाल्यास वरील दोघींना सोबत नेऊन त्यांचा सांभाळ करीन. तारीख चार डिसेंबर.

चार डिसेंबर म्हणजे मला कागद दिला त्याच्या आदल्या दिवसाची.

मी किती वेळ वाचत होते कोण जाणे. मान वर केली तर स्वप्ना माझ्याकडेच बघत होती. तिला कळलं. मी तिला सांगितलं होतं, वाचला म्हणून. तिच्या डोळ्यांत राग आला, आणि खरं सांगायचं तर तो बघून मला हायसं वाटलं.

तेवढ्यात भाऊसाहेबांचं बोट त्या ओळीवर आलं. "ताई, ही चूक आहे. या तुमच्या सासूबाई ना? मग आई कसं लिहिलंत? नातं बरोबर हवं, नाहीतर वरून परत येईल. खोडा, सासू लिहा. आणि खोडलंय तिथे बाजूला दोघींच्या सह्या."

स्वप्नाने पेन घेतलं. शब्दावर एकच बारीक रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येत होतं. बाजूला सासू लिहिलं, सही केली, पेन मला दिलं. मी तिच्या सहीला चिकटून सही केली. मग पहिल्या पानावर. मग शेवटी. तीन सह्या झाल्या.

बाहेर पडल्यावर स्वप्ना स्टँडपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. फलाटावर बाकावर बसल्यावर म्हणाली, "दोन महिने मला वाटतंय, आई यायला तयार नाहीत. दादा तिकडे खोल्या बघून बघून दमला. तळमजला मिळेना."

"माझे गुडघे," मी म्हटलं.

"हो, तुमचे गुडघे! आणखी कोणाचे?"

शेजारची बाई वळून बघायला लागली. मी म्हटलं, "चुकलं माझं." नोकरीत असताना हे कधी कोणाला म्हटलं नव्हतं. स्वप्नाने पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढली, निम्मे दाणे माझ्या हातावर ओतले. तेवढंच.

जायचं का ते मी अजून सांगितलेलं नाही. तिनेही परत विचारलं नाही. हे घर अमरदीपच्या वडिलांनी बांधलं, एकेक चिरा स्वतः वाहून. भावजी म्हणतील, कुलूप लावून जा, मी बघतो. त्यांचा भरवसा आहे. तरी मला विचार करायला वेळ लागेल.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. भाट्याच्या पुलावर वारा लागला आणि स्वप्नाची मान कलली. आधी खिडकीकडे, मग माझ्या खांद्यावर. तोंड थोडं उघडं, हातात दाण्यांची रिकामी पुडी. इतकी गाढ झोपलेली मी तिला पाच महिन्यांत पाहिली नव्हती.

आमचा थांबा आला. कंडक्टर ओळखीचा, त्याने हाक मारली, "नर्सबाई, उतरायचं ना?"

मी बोट ओठांवर ठेवलं आणि त्याला हातानेच सांगितलं, जाऊ दे पुढे.

पुढचा थांबा दीड किलोमीटरवर आहे. तिथे तिला उठवली. खाली उतरून इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो आई, आपलं गाव मागे गेलं! उठवायचं नाही का मला?"

मी म्हटलं, "चालू की थोडं."

माझे गुडघे दुखत होते. ऊन होतं. तिने माझी पिशवी घेतली आणि सावलीची बाजू मला दिली.